पाण्यात उतरू नको

माझी मुलगी जन्मली तेव्हा आधी तिचं रडणं ऐकू यायला हवं होतं. आधी ऐकू आलं ते नर्सबाईचं ओरडणं. "ती एचआयव्हीवाली आहे ना! दोन-दोन हातमोजे घाला गं!" मध्ये पडदा होता, पण पडद्यानं आवाज थोडाच अडतो. पलीकडे ओळीनं खाटा होत्या, खाटांवर बाळंतिणी होत्या आणि खाली सतरंज्या टाकून त्यांच्या सासवा, आया, बहिणी बसल्या होत्या. त्यांतली एक आमच्या शेजारची. आमच्या आणि तिच्या घरांमध्ये एकच भिंत. तिच्या सुनेला त्याच दिवशी भरती केलं होतं.

दवाखान्याचं नाव मी लिहीत नाही. नाव लिहिलं तर वाचणारे म्हणतील, तो दवाखानाच तसला असेल. तसं म्हणून मोकळं होण्याची सोय मला कुणाला करून द्यायची नाही.

नंतर सफाईवाल्या बाईनं फरशी पुसायला नकार दिला. बादली आणि फडकं आणून तिनं माझ्या सासूपुढं ठेवलं. "तुमच्या एचआयव्हीवाल्या सुनेचं होय, तुमीच पुसा." नर्सबाई ओरडली तेव्हा सासू औषधं आणायला बाहेर गेली होती, तिला तोवर काहीच माहीत नव्हतं. गरोदरपणात सगळ्याच बायकांचं रक्त तपासतात, त्यात माझं निघालं होतं. मला माहीत होतं, नवऱ्याला माहीत होतं, आणि घरात सांगायचं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. माझ्या सासूला सुनेचा आजार कळला तो असा, फरशीवर उकिडवं बसून माझं रक्त पुसताना. तिनं फडकं पिळलं, परत पुसलं, परत पिळलं. मी खाटेवरून बघत होते. मला या आजाराचा जेवढा राग आला नाही तेवढा त्या बादलीचा आला. अजूनही येतो.

आम्ही धीवर. वडसा या बाजारगावाच्या बाजूला एका मोठ्या, जुन्या तलावाच्या पाळीखाली, मातीच्या बांधाखाली, आमचं गाव आहे. तलाव मासेमारीच्या सोसायटीकडं. नवरा सकाळी जाळं काढायचा, आणि मी गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, मासोळी घेऊन गावभर फिरायची. रोहू, कतला, कधी मरळ, पावसाळा सरता सरता झिंगे. गिऱ्हाइकाच्या ओट्यावर पावशी, आमची विळी, लावून मासोळी कापूनही द्यायची. मी बारावी झालेली, मला माझ्या माहेरच्या लोकांनी "नर्स हो" म्हटलं होतं. पण मला मासोळी विकायला आवडायचं. बायकांशी बोलायला मिळतं, भांडायला मिळतं.

माझा रिपोर्ट आला त्या दिवशी नवऱ्याचीही तपासणी झाली. त्याचा निगेटिव्ह आला. तपासणीच्या खोलीतल्या मॅडमनं सगळं नीट सांगितलं. गोळी रोज घ्यायची, चुकवायची नाही, बाळाला होऊ नये म्हणून औषध आहे, तुमचा संसार नेहमीसारखा चालू शकतो. चांगली बाई होती. तिनं दार लावून घेतलं होतं आणि हळू आवाजात बोलली होती. दार लावायला काही खर्च येत नाही, एवढंच मला त्या ओरडणाऱ्या नर्सबाईला सांगायचं राहून गेलं.

बाहेर बाकावर बसलो. नवरा बराच वेळ चपलेनं जमीन उकरत होता. मग म्हणाला, "चहा पेतं का?" मी नाही म्हटलं. तरी तो दोन चहा घेऊन आला, आणि मी नाही म्हटल्यावर दोन्ही त्यानंच प्याले. त्यानं मला "तुले कसा झाला" असं विचारलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही कधी नाही.

बाकी सगळ्यांनी विचारलं.

मी मुलीला घेऊन घरी यायच्या आधी बातमी घरी पोचलेली होती. बाळंतिणीला बघायला बायका येतात, तशा आल्या. पण दारापुढच्या सपरीत, ओसरीवरही कुणी पाय ठेवला नाही. अंगणात उभ्या राहून बोलायच्या. एकीनं विचारलं, "रक्त चढवलं होतं का वो कधी?" दुसरीनं विचारलं, "लग्नाच्या आधीचा होय का?" तिसरी माझ्या नणंदेला कोपऱ्यात घेऊन विचारत होती, की नवऱ्याला नाही आणि हिलाच कसा. या प्रश्नाच्या पोटात काय आहे ते मला पहिल्या दिवशीच समजलं. रक्तातून, सुईतून झाला असेल तर बिचारी. दुसऱ्या कशातून झाला असेल तर बरं झालं. म्हणजे दया करायची की थुंकायचं, एवढंच त्यांना ठरवायचं होतं, आणि त्यासाठी मी साक्ष द्यायची होती.

मी दिली नाही. इथंही देणार नाही. माझ्या जागी जी दुसरी कुणी असेल, जिचं उत्तर लोकांना आवडणार नाही, तिच्यापेक्षा मी चांगली ठरावं अशी माझी इच्छा नाही.

मी काही सांगितलं नाही तेव्हा लोकांनी आपापल्या मनानं ठरवलं. आणि लगोलग माझा नवरा देवमाणूस झाला. "असी बाई ठेवली त्यानं. दुसरा असता तं माहेरी नेऊन टाकली असती." हे वाक्य मी पाणवठ्यावर ऐकलं, किराणा दुकानात ऐकलं, माझ्या सख्ख्या काकाच्या तोंडून ऐकलं. ठेवली! मी काय म्हैस होय ठेवायला? आमच्याच पट्ट्यात मी अशा बायका पाहिल्या आहेत, ज्यांचा नवरा बाहेरगावी कामाला गेला, आजार घेऊन आला, आणि बायकोनं त्याचं हगणं-मुतणं काढलं, तो मरेपर्यंत. त्यांना कुणी देवी म्हटलं नाही. ते त्यांचं कामच होतं. माझा नवरा नुसता घरात राहिला, तर देव झाला.

आणि राग याचा, की त्याला ते आवडायचं. तो तोंडानं काही बोलायचा नाही, पण लोक पाठीवर हात ठेवून "भाऊ, मानलं तुले" म्हणायचे तेव्हा त्याचा चेहरा बघवत नसे. एकदा मी म्हटलं, "तुमी सांगत काऊन नाई त्यायले, की आपलं नवरा-बायकोचं आहे, यात उपकार कायचे?" तो म्हणाला, "लोकायचं तोंड कोण धरन?" म्हटलं, "लोकायचं राहू द्या. तुमचं उघडा."

महिना-दोन महिन्यांनी मी परत गंज घेऊन निघाले. पहिल्या घरी म्हणाले, आज उपास. दुसऱ्या घरी, आत्ताच घेतली. शाळेतल्या गुरुजींची बायको माझं नेहमीचं गिऱ्हाईक, मरळ असली की आधी तिच्याकडं न्यायची असा आमचा ठराव. तिनं खिडकीतूनच हात हलवला आणि खिडकी लावली. भरदिवसा कोण खिडकी लावतं? मी पूर्ण गाव फिरले. गंज भरलेला तो भरलेलाच. मासोळीला वास सुटायला लागला तेव्हा घरी येऊन चिरली, मीठ लावलं आणि वाळत घातली. पुढं किती तरी दिवस आमच्या घरामागच्या सांदवाडीत दोऱ्यांवर मासोळीच होती.

मग शेजारच्या गावच्या आठवडी बाजारात बसले. तिथं मला कुणी ओळखत नव्हतं. दोन-तीन बाजार बरे गेले. एका बाजारी एक माणूस रोहू घेत होता, मी तोलत होते, तेवढ्यात आमची भिंतीपलीकडची शेजारीण पिशवी घेऊन आली. ती माझ्याशी बोलली नाही. त्या माणसाच्या कानाला लागली. त्यानं पैसे परत खिशात घातले आणि हात पँटीला पुसला. माझ्या मासोळीला लागलेला हात. मी उठले आणि तिला विचारलं, "काय सांगतलं वो तुमी त्याले?"

"खरं थे सांगतलं," ती म्हणाली. "लोकायच्या जिवाचा सवाल आहे."

"मासोळीतून होते का थो?"

"मले का माहीत? मी का डॉक्टर होय?"

माहीत नाही, पण सांगायचं मात्र आहे. मी तिथं खूप ओरडले. काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. बाजार गोळा झाला. आणि ओरडल्यानं झालं एवढंच, की ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही माहीत झालं.

घरात सासूनं माझं ताट, गडवा, वाटी वेगळी केली होती. नवं, चकचकीत स्टीलचं ताट, काठावर फुलं कोरलेली. मुलीला ती दिवसभर मांडीवर घ्यायची, तेल लावायची, शेकायची. मला बाळंतपणाचं सगळं खायला घालायची, डिंकाचे लाडू, खसखस, काहीच कमी नाही. पण त्या ताटात. ताट मी स्वतः घासायचं आणि वेगळ्या कोपऱ्यात उभं करायचं. एकदा मी चुकून ते बाकीच्या भांड्यांत ठेवलं, तर तिनं सगळी भांडी चुलीतली राख घेऊन पहिल्यापासून घासली. घासताना नुसता भांड्यांचा आवाज करत राहिली.

पुढच्या उन्हाळ्यात तलावाचं पाणी खाली गेलं. आमच्याकडं वर्षातून एकदा असं होतं, की सगळे धीवर एकाच दिवशी तलावात उतरतात. पुरुष मोठं जाळं ओढत आणतात, बायका काठाकाठानं टोपल्या घेऊन बारीक मासोळी धरतात. पोरंटोरं, म्हातारे, सगळे पाळीवर. घरटी वाटा ठरलेला. माझ्या लग्नानंतर एकही वर्ष मी हे चुकवलं नव्हतं. पोटात मुलगी होती तेव्हाही उतरले होते.

सकाळी आम्ही पाळीवर पोचलो तर सोसायटीचे अध्यक्ष वाट बघत उभे. नात्यानं दीर लागतात. ते माझ्या नवऱ्याशी बोलले, मी शेजारी उभी असताना.

"हे पाह्य भाऊ. तुमच्या घरचा वाटा पुरा भेटन. उलट दोन मासोळ्या जास्तच देऊ. पण तिले म्हणा, पाण्यात उतरू नको."

नवरा जाळ्याची गाठ सोडवत होता. सोडवतच राहिला.

मी म्हटलं, "मले सांगा. मी इथीच उभी आहो."

ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "वहिनी, मी नाई म्हणत. लोक म्हणून राह्यले. बजारात गोष्ट गेली, की त्या बाईनं पाय घातला त्या तलावाची मासोळी होय, तं कोणी हात लावणार नाई. सगळ्यायचं नुकसान."

"पाण्यातून पसरत नाई हे तुमाले माहीत आहे का नाई? गावच्या शाळेच्या भिंतीवर लिहून आहे."

"भिंतीवर लय काही लिहून राह्यते," ते म्हणाले. "लोकायले कोण समजावन?"

"तुमी समजवा. अध्यक्ष कायले झाले मंग?"

मी नवऱ्याकडं पाहिलं. त्याची ती एक गाठ सुटतच नव्हती. मला त्या क्षणी अध्यक्षांपेक्षा त्याचा जास्त संताप आला. मी पदर खोचला, टोपली घेतली आणि पाळ उतरले. गाळ होता, मग पाणी. वरचं पाणी गरम आणि पायाशी गार. बायका काठानं वाकून मासोळी धरत होत्या. दगड पडल्यावर शेवाळ बाजूला सरकतं तशा सगळ्या सरकल्या. एक निघाली, मग तिच्यामागं दुसरी. थोड्या वेळानं त्या काठाला मी एकटी उरले. मी मासोळी धरत होते की नाही, आठवत नाही. वाकून पाण्यात हात घालत होते एवढं आठवतं. मग पाठीवर चिखलाचा गोळा बसला. ओला, जड. कुणी फेकला ते अजून मला माहीत नाही. कुणी तरी हसलं.

तेव्हा पाळीवरून माझी सासू उठली. मुलगी तिच्या कडेवर होती. ती लुगडं वर न खोचता, मुलीला तशीच कडेवर घेऊन सरळ पाण्यात चालत आली. माझ्याजवळ येऊन थांबली आणि काठाकडं तोंड करून सुरू झाली.

"कोण्या मुडद्यानं फेकलं? समोर ये! म्हशी लोळते या पाण्यात, थे चालते. तुमी ढुंगण धुता या पाण्यात, थे चालते. अन् माह्या सुनेच्या पायानं बाटला का तलाव? माही सासू भरल्या दिवसाची उतरत होती इथी. अन् तू रे, दोन मासोळ्या जास्त देतो म्हणतं? भीक घालून राह्यला का आमाले?"

अध्यक्ष म्हणाले, "काकी, लेकरू तं वर ठेवा."

"नाई ठेवत! हे बी धीवराचीच पोट्टी होय. भिजू दे."

माझी मुलगी पाण्यावर हात आपटायला लागली. तिला मजा वाटत होती.

नवरा तेव्हा आला. जाळ्याचं एक टोक ओढत, कमरेपर्यंत पाण्यातून. टोक माझ्यापुढं केलं. "धर."

"आता धर म्हणून राह्यले? आता?"

"हो," तो म्हणाला. "आता."

मी लगेच धरलं नाही. त्याला थोडा वेळ तसंच उभं राहू दिलं, सगळ्या गावासमोर. पण जाळ्यात कतला धडका मारत होते, जाळं निसटायला लागलं होतं, म्हणून धरलं. काही पुरुष परत पाण्यात आले. काही घरं दिवसभर पाळीवरच बसून राहिली.

आमचा वाटा वेगळ्या ताडपत्रीवर टाकला. पण वडशाहून व्यापाऱ्याची गाडी आली तेव्हा त्यानं सगळ्यांची मासोळी एकाच बर्फात भरली. त्यानं काही विचारलं नाही आणि अध्यक्षांनीही काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मोटरसायकलवर पेटी बांधून मासोळीवाला आमच्या गावात आला. वडशाहूनच आणली होती त्यानं. गुरुजींची बायको बाहेर आली, पाळीवर बसून राहिलेल्या घरच्या बायका आल्या. आमच्याच तलावाची मासोळी, बर्फ लावलेली, महागाची, त्यांनी पसंत करून करून घेतली. मी दारात उभी राहून बघत होते. हसू आलं, पण ते हसू चांगलं नव्हतं.

त्या तलावाच्या दिवशी संध्याकाळी सासूनं रस्सा केला. माझ्यापुढं तेच फुलांचं ताट ठेवलं. मला वाटलं ती विसरली असेल. म्हटलं, "माय, सकाळी तं तुमी एवढं बोलल्या."

"तलाव तलाव होय," ती म्हणाली. "घर घर होय."

मी जेवले नाही. तिनं आग्रह केला, तरी जेवले नाही.

मुलीच्या तपासण्या होत राहिल्या. शेवटची झाली आणि तिला काही नाही असं पक्कं कळलं, तेव्हा ती चालत होती, बोलत होती आणि रोज माझ्याच ताटात येऊन बसत होती. तिला ती कोरलेली फुलं आवडायची. बोटानं फुलं गिरवत भात खायची. सासू सुरुवातीला तिला उचलून न्यायची, मुलगी रडून परत यायची. मग सासूनं उचलणं सोडलं. एक दिवस बघते तर ते ताट सांदवाडीत, कोंबड्यांना पाणी ठेवायला. मला घरातल्या ताटात वाढलं. माफी मागायची पद्धत आमच्या घरात नाही. मला ती हवी होती, हे मात्र खरं. अजूनही हवी आहे.

गोळी मी रोज घेते. डॉक्टर म्हणतात, आता तुझ्या रक्तात मोजायला गेलं तरी काही सापडत नाही, तुझ्यापासून नवऱ्याला धोका नाही. मुलगी शाळेत जाते. नवऱ्याला आता कुणी देवमाणूस म्हटलं तर तो म्हणतो, "घरचीच बाई होय ना बाप्पा, कुठी जाणार होती?" हेही उत्तर मला पटत नाही. पण निदान तोंड उघडतो.

मासोळी मी आता वडशात विकते. गावात परत कधी फिरले नाही. सकाळी मिळेल त्या गाडीनं जाते, दुपारी परत येते.

गेल्या हिवाळ्यात नाटकांचे दिवस होते, आमच्याकडं थंडीत गावोगावी रात्र-रात्र नाटकं चालतात. वडशात गर्दी, नाटक मंडळ्यांच्या गाड्या, पाहुणे. माझ्यापुढं गुरुजींची बायको येऊन उभी राहिली. तिच्याकडं पाहुणे आले असावेत. माझ्या गंजात एक मरळ होती, जिवंत, चांगली हातभर. तिनं आजूबाजूला पाहिलं, पदर डोक्यावर ओढला आणि हळूच म्हणाली, "दे ना ती. तुझ्यासारखी मासोळी कोणाकडे नसते बाई. मी तेव्हाही म्हणत होते."

"घरी काय सांगसान? कोणाकडून आणली?"

तिनं पिशवी उघडून पुढं केली.

"माहं नाव सांगसान का?"

"आता कशाला तो विषय," ती म्हणाली. "झालं गेलं."

"तं मंग नाई," मी म्हटलं. "तुमच्यासाठी मासोळी नाई."

ती उभी राहिली, मग लाल झाली, मग गेली. घरी आल्यावर सासूला सांगितलं तर ती माझ्यावरच चिडली. "विकाची होती! दाम दुप्पट सांगाचा होता! रागानं का पोट भरते?" तिचं बरोबर असेल. राग धरून किती दिवस बसायचं, असं मला माहेरचेही विचारतात. मी म्हणते, गावानं अंगणात उभं राहून विचारलं तेवढे दिवस तरी.

ती मरळ त्या दिवशी एका अनोळखी बाईनं घेतली. तिनं कल्ले उचकून पाहिले, शेपटी दाबून पाहिली. जिवंत मासोळीला ताजी नाही म्हणाली. भावावरून माझ्याशी भांडली, निघून गेली, परत आली, परत भांडली. मी पावशीवर मासोळी कापत असताना माझ्या हाताला हात लावून म्हणाली, "बारीक नको करू वो, मोठे तुकडे ठेव." मी तिलाही दोन शब्द सुनावले. खूप दिवसांनी कुणाशी तरी असं भांडले होते.